कोकच्या मशीनपासून आमच्या गेटवरच्या कॅमेऱ्यापर्यंत

परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी काकांनी कौतुकाने मोबाईलवर गेटचा कॅमेरा दाखवला. घरबसल्या सगळं दिसतं! मी विचारलं, काका, पासवर्ड काय ठेवलाय? म्हणाले, "बसवणाऱ्याने दिला तोच. अॅडमिन, अॅडमिन."

हसू नका मंडळी, याला इतिहास आहे.

१९८२ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात कोकचं एक मशीन होतं. कॉम्प्युटरवाल्यांच्या खोल्या त्यापासून लांब. पायपीट करून जावं तर बाटल्या संपलेल्या, नाहीतर नुकत्याच भरलेल्या, म्हणजे गरम. मग त्यांनी मशीनवरच्या दिव्यांपासून थेट कॉम्प्युटरपर्यंत तार ओढली. कुठल्या रांगेत बाटल्या आहेत, किती वेळ आत आहेत, सगळं जागेवर कळायला लागलं. तीन तास झाले की बाटली थंड समजायची! अर्पानेटवरून बाहेरच्यालाही हे विचारता यायचं. पण त्या अख्ख्या जाळ्यात तेव्हा तीनशेसुद्धा कॉम्प्युटर नव्हते. १९९१ मध्ये केंब्रिजच्या लोकांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावला तोही असाच, कॉफी उरलीय का बघायला.

म्हणजे वस्तू वापरणाऱ्यांनीच ती जोडली होती. आत काय चाललंय ते त्यांना पुरतं ठाऊक होतं.

पुढे चिप आणि वायफाय स्वस्त झालं. १९९९ ला केविन अॅश्टनने 'इंटरनेट ऑफ थिंग्ज' हे नाव दिलं. हळूहळू टीव्ही, बल्ब, कॅमेरे जोडणीची सोय घेऊनच खोक्यातून यायला लागले. पासवर्डही कारखान्यातूनच.

२०१६ मध्ये त्याची किंमत दिसली. 'मिराई' नावाच्या व्हायरसने फार डोकं लावलंच नाही. कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या घेऊन तो कॅमेऱ्यांची, डीव्हीआरची दारं ठोठावत सुटला. लाखो उघडली. २१ ऑक्टोबरला अशाच उपकरणांनी डाइन या कंपनीवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स अमेरिकेत अनेकांना काही तास उघडेना. कॅमेऱ्याच्या मालकाला काय कळणार? त्याचा कॅमेरा तर चालू होता!

ब्रिटनने २०२४ मध्ये असे पासवर्ड कायद्याने बंद केले. आपल्याकडेही सीसीटीव्हीच्या सुरक्षा तपासणीचे नियम आलेत, पण ते विक्रीला येणाऱ्या मालासाठी. भिंतीवर आधीच टांगलेल्यांचं काय?

काल काकांना घेऊन पासवर्ड बदलायला बसलो. मुख्य खातं बसवणाऱ्याच्या मोबाईल नंबरवर निघालं. त्या कॅमेऱ्यात गेट दिसतं, पार्किंग दिसतं, पोरं खेळतात ती जागाही दिसते. त्याला तीनदा फोन केला. उचलत नाही.

तुमच्या सोसायटीचं, ग्रामपंचायतीचं खातं कोणाच्या नंबरवर आहे? बघून सांगा.