हवा कोंबायची की जागा वाढवायची?

पेट्रोल इंजिनाचा धडा झाला की वर्गातला गाड्यांचा एखादा शौकीन विचारतोच, "सर, घेतलेल्या गाडीचं इंजिन नंतर जास्त ताकदीचं करता येतं का?" येते. त्यासाठी लागणारे भाग बाजारात मिळतात, आणि वेगवान गाड्यांचे हौशी लोक त्यावर गाडीच्या किमतीइतका खर्चही करतात. कोणता भाग निवडायचा हा प्रश्न मात्र पैशांचा कमी आणि पदार्थविज्ञानाचा जास्त आहे. या प्रश्नावरून इंग्लंडमध्ये एका कंपनीतच दोन तट पडले होते. ती हकीकत वर्गात सांगण्यासारखी आहे.

वॉल्टर ओवेन बेंटली हा तरुण 1912 पासून आपल्या भावाबरोबर लंडनमध्ये डी.एफ.पी. नावाच्या फ्रेंच मोटारी विकत असे. गाडी बरी होती, पण शर्यतीत चमकेल अशी नव्हती. 1913 साली तो फ्रान्समधल्या कारखान्यात गेला असता तिथल्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला एक वजनाचा ठोकळा त्याने पाहिला. आकार इंजिनाच्या दट्ट्याचा, म्हणजे पिस्टनचा, आणि धातू ॲल्युमिनिअम. बेंटलीच्या मनात आले, खरा दट्ट्याच या धातूचा का करू नये?

त्या काळी दट्ट्ये बिडाचे किंवा पोलादाचे असत. बिडाची घनता पाण्याच्या सातपट, तर ॲल्युमिनिअमची 2.7 पट. दट्ट्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा थांबतो आणि उलट दिशेने निघतो. त्यासाठी लागणारे बल वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते, आणि फेऱ्यांच्या तर वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे दट्ट्या हलका झाला, तर कनेक्टिंग रॉडवर अधिक ताण न देता इंजिन अधिक वेगाने फिरवता येते.

पण ॲल्युमिनिअम 660 अंश सेल्सिअसला वितळते आणि सिलिंडरमधला जळता वायू 2000 अंशांच्याही वर जातो. मग दट्ट्या वितळणार नाही का? विद्यार्थ्यांना हा प्रश्न जरूर विचारावा आणि उत्तरासाठी चुलीवरच्या ॲल्युमिनिअमच्या पातेल्याकडे बोट दाखवावे. पातेल्यात पाणी आहे तोवर ते वितळत नाही, कारण आलेली उष्णता लगेच पुढे जाते. ॲल्युमिनिअम बिडापेक्षा कितीतरी चांगले उष्णतावाहक आहे. जळत्या वायूकडून मिळालेली उष्णता ते सिलिंडरच्या भिंतीला देऊन टाकते. अडचण दुसरीच होती. तापल्यावर ते बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यामधली फट नव्याने ठरवावी लागते. बेंटलीने 88 टक्के ॲल्युमिनिअम आणि 12 टक्के तांबे असा मिश्रधातू वापरला. या दट्ट्यांची गाडी 1914 साली आइल ऑफ मॅनच्या टूरिस्ट ट्रॉफी शर्यतीत मोठ्या इंजिनांच्या गाड्यांमध्ये सहावी आली. पहिल्या महायुद्धात हेच ज्ञान विमानांच्या इंजिनांसाठी वापरले गेले.

युद्धानंतर बेंटलीने स्वतःची मोटार कंपनी काढली. ल मान्स या फ्रेंच गावी होणारी चोवीस तासांची शर्यत तिच्या गाड्यांनी 1924, 1927 आणि 1928 साली जिंकली. यांतला 1928 चा विजय साडेचार लिटरच्या चार सिलिंडरी गाडीचा. पण स्पर्धकही वेगवान होत चालले होते. आता पुढे काय?

इथे थोडे गणित करू. या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास 100 मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव 140 मिलिमीटर. एका सिलिंडरचे आकारमान सुमारे 1,099.5 घनसेंटिमीटर येते, आणि चार सिलिंडरांचे 4,398. इंजिन दर दोन फेऱ्यांत एवढी हवा आत घेते. मिनिटाला 3,500 फेरे धरले तर सुमारे 7,700 लिटर, म्हणजे नऊ किलोग्रॅमहून थोडी अधिक हवा झाली. एक किलो पेट्रोल नीट जळायला पंधरा किलोच्या आसपास हवा लागते. तेव्हा या इंजिनात मिनिटाला सहाशे-साडेसहाशे ग्रॅमपेक्षा जास्त पेट्रोल जळूच शकत नाही, कितीही ओतले तरी. जास्त शक्ती हवी तर जास्त हवा हवी. आपण इंजिन पेट्रोलवर चालते म्हणतो, पण त्याची मर्यादा हवा ठरवते.

जास्त हवा मिळवण्याचे दोन मार्ग पुढे आले. बेंटलीचे म्हणणे, जागा वाढवा. त्याच मापाचे सहा सिलिंडर घेतले की 6,597 घनसेंटिमीटर होतात, बरोबर दीडपट. कंपनीकडे असे इंजिन होतेच. त्याचाच सुधारलेला अवतार म्हणजे 'स्पीड सिक्स'.

दुसरा मार्ग टिम बर्किन या धाडसी शर्यतपटूचा. आहे त्याच चार सिलिंडरांत भात्याने फुंकावी तशी हवा कोंबायची. अम्हर्स्ट व्हिलियर्स या अभियंत्याने त्यासाठी सुपरचार्जर तयार केला. हा दोन फिरत्या पात्यांचा पंप रेडिएटरच्या पुढे बसवला होता आणि तो इंजिनाच्या क्रँकशाफ्टवरच चाले. बेंटलीला ही कल्पना मुळीच पसंत नव्हती. आपल्या इंजिनाची मूळ रचनाच यामुळे बिघडते असे त्याचे मत होते. पण कंपनीची आर्थिक सूत्रे तोवर वुल्फ बर्नाटोच्या हाती गेली होती आणि त्याने परवानगी दिली. डोरोथी पॅजेट या श्रीमंत बाईंनी बर्किनच्या शर्यतींना पैसा पुरवला. ल मान्सच्या नियमांसाठी अशा पन्नास गाड्या विक्रीसाठीही बनवाव्या लागल्या.

शर्यतीच्या इंजिनांचे आकडे पाहा. साधे साडेचार लिटर 130 अश्वशक्ती, स्पीड सिक्स 200, आणि सुपरचार्जरवाले 240. बर्किन जिंकला असे वाटेल. पण हेच आकडे प्रत्येक सिलिंडरमागे काढून पाहा. साधारण 32, 33 आणि 60! स्पीड सिक्सचा दट्ट्या पूर्वीएवढेच काम करत होता. बर्किनच्या दट्ट्यावर त्याच आकाराच्या जागेत जवळजवळ दुप्पट शक्तीचा आणि तेवढ्याच उष्णतेचा भार होता. शिवाय हवा दाबली की ती तापते, हे सायकलला हवा भरणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. सुपरचार्जर फिरवायलाही इंजिनाचीच शक्ती खर्च होते. एक भाग नवा बसवला म्हणून क्रँकशाफ्ट, दट्ट्ये, कनेक्टिंग रॉड आणि वंगणाची व्यवस्था एवढे सगळे बदलावे लागले.

1930 च्या ल मान्सला कसोटी लागली. बर्किनने काराचिओलाच्या बलाढ्य मर्सिडीजचा पाठलाग केला. तिला मागे टाकताना त्याच्या टायरचा पट्टा उखडला, तरी तो थांबला नाही. शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरी त्याचीच. रात्री मर्सिडीज बंद पडली. पण बर्किनच्या चमूतील दोन्ही गाड्याही इंजिनातील बिघाडाने शर्यत पुरी करू शकल्या नाहीत. पहिल्या दोन क्रमांकांवर स्पीड सिक्स आल्या.

बेंटली बरोबर आणि बर्किन चूक, अशा निकालावर ही गोष्ट बहुतेक वेळा संपवली जाते. मला तो निकाल घाईचा वाटतो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पो येथील फ्रेंच ग्रां प्रीमध्ये, सुमारे 400 किलोमीटरच्या शर्यतीत, बर्किन हीच जड गाडी घेऊन चपळ बुगाटींच्या गर्दीत दुसरा आला. इंजिनाला चोवीस तास तग धरायचा नव्हता, तिथे हवा कोंबण्याचा हिशेब बरा जमला.

1931 साली बेंटली कंपनी आर्थिक संकटात बुडाली आणि रोल्स-रॉइसने ती विकत घेतली. त्या वर्षीची ल मान्स शर्यत अर्ल हौ याच्या जोडीने बर्किननेच जिंकली, आणि तीही सुपरचार्जर असलेल्या गाडीतून! ही होती अल्फा रोमिओ. तिचे इंजिन 2.3 लिटरचे, म्हणजे बर्किनच्या बेंटलीच्या जवळपास निम्मे. फरक इतकाच की व्हिट्टोरिओ यानो या अभियंत्याने कागदावर पहिली रेघ ओढली, तेव्हाच त्यात सुपरचार्जर धरलेला होता. दट्ट्ये लहान आणि संख्येने आठ होते. चोवीस तासांत ती गाडी 3,000 किलोमीटरांहून अधिक धावली.

बर्किनने जुन्या बेंटलीचा नाद मात्र सोडला नाही. एकट्यासाठी बांधलेली लाल सुपरचार्जरवाली गाडी घेऊन मार्च 1932 मध्ये तो ब्रुकलँड्सच्या गोल धावपट्टीवर उतरला आणि ताशी 222 किलोमीटरचा विक्रम करून गेला. त्या फेरीला सव्वा मिनिटही लागले नव्हते.