घरही सुटले नाही, गुरूही सुटला नाही : शिऊरच्या संत बहिणाबाई

आधी एक घोटाळा निस्तरून घेऊ. दिंडीत बहिणाबाईंचे नाव निघाले की निम्म्या माउलींना जळगावच्या बहिणाबाई चौधरी आठवतात, शेतात आणि जात्यावर गाणी रचणाऱ्या. त्या गेल्या शतकातल्या. आम्ही लिहितो आहोत त्या बहिणाबाई तुकोबांच्या शिष्या. जन्म १६२८, देह ठेवला १७०० साली. वेरूळच्या बाजूचे देवगाव हे माहेर, आणि वैजापूर तालुक्यातले शिऊर हे सासर. समाधीही शिऊरलाच आहे.

संतांची चरित्रे बहुतेक मागाहून दुसऱ्यांनी लिहिली. महिपतींनी तर कितीतरी संतांची लिहिली. बहिणाबाईंचे तसे नाही. आपले आयुष्य त्यांनी आपल्याच तोंडाने, अभंगांतून सांगितले आहे. तुकोबांना डोळ्यांनी पाहिलेल्या, देहूत राहिलेल्या माणसाची ही साक्ष, म्हणून इतिहासवाल्यांनाही तिची किंमत वाटते. १९२९ साली जस्टिन अॅबट यांनी तिचे इंग्रजी भाषांतर छापले. सातासमुद्रापार ती वाचली गेली. आपल्याकडे मात्र ती कीर्तनातून तुकड्या-तुकड्यांनीच ऐकू येते, आणि त्यातला एक तुकडा नेमका गाळला जातो. त्या तुकड्यासाठीच हा लेख.

नीट समज यायच्याही आधी बहिणाबाईंचे लग्न झाले. नवरा बिजवर, तीस वर्षांचा, वैदिक आणि ज्योतिष जाणणारा. माहेरी कुळकर्णपण होते. भाऊबंदकी आणि देणे यांच्यापायी आईबाप, लेक, जावई सगळ्यांनाच गाव सोडावे लागले. भिक्षा मागत, पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर करीत हे कुटुंब कोल्हापुरात येऊन टेकले. तेव्हा बहिणाबाई अकरा वर्षांच्या होत्या.

तिथे घरात एक गाय आली, तिला वासरू झाले. वासराने या पोरीचा असा लळा घेतला की जिथे बहिणा तिथे ते. जयरामस्वामींच्या कीर्तनातही ते मागोमाग गेले. गर्दी फार, म्हणून लोकांनी वासराला बाहेर हाकलले. स्वामींना कळले तेव्हा त्यांनी त्याला आत आणवले आणि दोघांच्याही डोक्यावरून हात फिरवला. ही गोष्ट कीर्तनकार मोठ्या गोडीने सांगतात, आणि सांगावीच. त्यानंतर वासरू गेले, बहिणाबाई बेशुद्ध पडल्या, स्वप्नात तुकोबा आले आणि उपदेश झाला, इथवर सगळे आपल्याला पाठ आहे.

पण मधे काय झाले? स्वामींनी हात फिरवल्याची बातमी घरी गेली आणि नवऱ्याने पोरीला मारले. मुसक्या बांधून मारले. कीर्तनात इथे ‘पतीचा थोडा विरोध झाला’ एवढेच येते. बहिणाबाईंनी ‘थोडा’ म्हटलेले नाही. मार त्यांनी मार म्हणूनच सांगितला आहे. त्यांनी जे झाकले नाही ते आपण झाकू नये, असे आम्हाला वाटते.

नवऱ्याचा राग नुसता आडदांडपणाचा नव्हता, हेही त्यांनीच नोंदवले आहे. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू मानावे हे त्याला सोसवेना. त्यात लोक तिच्या दर्शनाला यायला लागले. उद्या हिलाच मान मिळेल आणि आपल्याला कोण विचारील, हे त्याच्या मनात होते. ज्याच्या हातचा मार खाल्ला त्याच्या मनातली भीती इतकी खरी सांगायला मन केवढे लागत असेल!

मग तो म्हणाला, मी हिला टाकून तीर्थाला जातो. बाई गर्भार होती.

आता त्यांच्यापुढचा पेच बघा. पुरुषाला वैराग्य आले की तो उठून जातो, मागे कोणीतरी चूल पेटती ठेवते. बाईने कुठे जायचे? मीराबाई राजवाड्यातून निघाल्या तरी राजघराण्याचे नाव पाठीशी होते. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेला बिदरच्या बादशहाचे बोलावणे आले तेव्हा ‘नाही’ म्हणायला तिच्यापाशी एकच जागा उरली, विठोबाचे पाय, आणि तिथे तिने प्राणच ठेवला. जनीला सोडायला घरच नव्हते. बहिणाबाईंना घर होते, पोटात लेकरू होते, आणि शास्त्र सांगत होते की नवरा हाच देव.

त्या काय ठरवतात? त्या म्हणतात ते ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. पंढरीचा देव दगडाचा, तुकोबा तर नुसते स्वप्नात दिसलेले, त्यांच्यासाठी हातातला नवरा का घालवू? मी त्याचीच सेवा करीन, तोच माझा देव. पुढे पतिव्रतेच्या धर्मावर त्यांचे कितीतरी अभंग आहेत. यावरून कोणी म्हणतात, बाई शेवटी हरली. दुसरे तेच अभंग सुनांना ऐकवून म्हणतात, बघा, अशी असावी. आम्हाला दोन्ही पटत नाही. ज्या बाईने हे म्हटले तिनेच बाईचा देह म्हणजे पराधीनपण, वेदाला कान लावायचीही सोय नाही, मग परमार्थ साधावा कसा, असाही टाहो फोडला आहे. दोन्ही खरे आहे. मनात असे दोन आवाज एकदम चालू असतात हे आपल्या दिंडीतल्या कुठल्याही बाईला विचारा, ती सांगेल. एक सून आम्हाला म्हणाली, ‘घरात हो म्हणते अन् वाटेला लागते, पण ते हो काय खोटं नसतं बरं का.’

पुढे नवरा आजारी पडला. अन्न जाईना. त्या दुखण्यात बहिणाबाई उशाशी बसून राहिल्या, आणि तुकोबांची निंदा केली त्याचेच हे फळ, अशी खूण त्याच्या मनाला पटली. बरा झाला तो वेगळाच माणूस होऊन. तो आजारी पडलाच नसता तर? त्या काय करत्या, हे त्यांनी सांगितलेले नाही, आणि आम्हीही त्यांच्या वतीने सांगणार नाही.

कुटुंब देहूला आले. इथे गोष्ट जी वळते ती आम्हाला सगळ्यांत मोलाची वाटते. मंबाजी गोसाव्याने या जोडप्याला आपले शिष्य व्हा म्हणून धरले. ते ऐकेनात, तेव्हा त्यांची गाय बांधून मारली, आणि तिचे वळ तुकोबांच्या पाठीवर उमटले असे बहिणाबाई सांगतात. ब्राह्मण असून हे शूद्राच्या पाया पडतात, अशी तक्रार पुण्याला आपाजी गोसाव्याकडे गेली. म्हणजे जे कारण दाखवून नवऱ्याने बायकोला मारले होते, त्याच कारणासाठी आता तोच नवरा तिच्या शेजारी उभा राहून लोकांचा जाच सोसत होता. कीर्तनात चमत्कार सांगताना हा चमत्कार का राहून जातो कोण जाणे. कोल्हापुरात पोटात असलेली लेक, काशीबाई, देहूतच जन्मली. मुलगा विठ्ठल मागाहून झाला.

आमच्या दिंडीच्या जुन्या वह्या या अंकासाठी चाळल्या तेव्हा सुरुवातीची कित्येक वर्षे बायांची नावेच सापडत नाहीत. पुरुषाचे नाव, पुढे ‘सहकुटुंब’, आणि भिशीचा आकडा. डोक्यावर तुळस कोणी नेली, हंडा कोणी वाहिला, मुक्कामाला पिठले कोणी टाकले, त्याची नोंद नाही. आजही नाव घालायला आलेल्या बाईला ‘घरी विचारलं का?’ असे आम्हीच विचारतो. पुरुषाला विचारल्याचे कोणाला आठवत नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका बाईने आपल्या घरातले सगळे नावानिशी, मारासकट मांडून ठेवले, आणि शंभर वर्षे दिंडी चालवणाऱ्या आम्हाला बायांची नावे लिहायला सुचले नाही.

त्याच बाईने पुढे वज्रसूची मराठी अभंगांत आणली. खरा ब्राह्मण कोणाला म्हणावे, जन्माने की ज्ञानाने, हा तिचा विषय. वेद ऐकायची बंदी असलेल्या बाईने हे उपनिषद घरच्या भाषेत सांगितले. तुकोबांना गुरू का केले, याचे उत्तर त्यात आपसूक येते. त्यासाठी नवऱ्याशी किंवा मंबाजीशी वेगळे भांडण मांडावे लागले नाही.

शेवटी शिऊरला, देह ठेवायच्या वेळी, त्यांनी मुलाला जवळ घेतले आणि आपले मागचे बारा जन्म एकेक करून सांगितले. हा तेरावा, आणि हाच शेवटचा, असे म्हणाल्या. विठ्ठल ऐकत बसला होता.