शिंशपा आणि शिसवी

‘शिंशपा म्हणजे शिसवी’ असा अर्थ आम्ही वर्गांत अनेक वर्षें विद्यार्थ्यांस सांगत आलों. तो सदोष होता, असें आतां आमचें मत झालें असून, तें सकारण वाचकांपुढें ठेवणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

शब्दाच्या वंशाविषयीं शंका नाहीं. ‘शिंशपा’ शब्दांतील पकाराचा प्राकृतांत वकार होऊन ‘सीसवा’ हें रूप झालें, व त्यावरून मराठी ‘शिसव’, ‘शिसवी’ हीं रूपें आलीं. परंतु शब्द एक म्हणून वस्तुही एकच, असें ठरत नाहीं. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलांतील ५३ व्या सूक्तांत, गाड्याचा आंस दृढ राहो अशा प्रार्थनेंत, खदिराच्या जोडीनें शिंशपेचा उल्लेख आहे. हें मंडल विश्वामित्रकुलाचें. विपाश् व शुतुद्री, म्हणजे आजच्या बियास व सतलज, यांचा संवादही त्यांतच आहे. त्या प्रदेशांत नदीकांठच्या वाळूंत आपोआप वाढणारा वृक्ष म्हणजे शिसू ऊर्फ शीशम होय. आमची शिसवी तेथील नव्हे. तिचें घर सह्याद्रीच्या व दक्षिणेकडील डोंगरांच्या दमट अरण्यांत.

दोन्ही वृक्ष डालबर्जिया या एकाच कुळींतले, तरी भिन्न आहेत. शिसूच्या पानांत ३ ते ५ पर्णिका असून त्या टोंकदार असतात. शिसवीच्या बहुधा ५ ते ७, व टोंकाशीं बोथट किंवा किंचित् खांचदार. शिसूचें लांकूड तपकिरी. शिसवीचें जांभळट काळें. एकोणिसाव्या शतकांत मुंबईचें कोरीव सामान प्रसिद्धीस आलें, तें याच काळ्या लांकडाचें. उत्तरेकडील भाषा दक्षिणेंत उतरली, तेव्हां ओळखीचें नांव येथील सदृश वृक्षास मिळालें असावें, असा आमचा तर्क आहे.

यावरून संग्राहकांस दोन सूचना कराव्याशा वाटतात. संस्कृत ग्रंथांत ‘शिंशपा’ आढळल्यास तेवढ्यावरून दक्षिणेंतील काळें लांकूड समजूं नये. तसेंच पोथ्यांच्या पेटीची नोंद करतांना ऐकीव नांवावर न विसंबतां लांकडाचा रंग व रेषा प्रत्यक्ष पाहून लिहाव्या. शिसवी आतां विरळ होत चालली आहे. २ जानेवारी २०१७ पासून डालबर्जियाच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आलें आहे. अशा वेळीं चुकीची नोंद पुढें सुधारण्यास ताडून पाहावयाचा नमुनाही दुर्मिळ होईल.

आमच्या विवेचनांत दोष आढळल्यास जाणत्यांनीं तो दाखवावा. एकदां चुकलेल्या शिक्षकास दुसऱ्यांदा सुधारणें जड जाणार नाहीं.