जुन्या सायकलीचे मागचे चाक बदलणे

जुन्या पोलादी सायकलीच्या सांगाड्यात आजच्या मापाचे मागचे चाक बसवण्याचे काम. धाराशिव जिल्ह्यात त्याचे गिऱ्हाईक म्हणजे दांडीची काळी सायकल: लुधियानाची हीरो, सोनीपतची ॲटलस, मद्रासची हर्क्युलिस. दुधाचे कॅन आणि कडब्याच्या पेंढ्या वाहून तिची रिम गंजते, तारा तुटतात, सांगाडा मात्र ठणठणीत राहतो. अशा वेळी जुन्याच मापाचे चाक घालायचे की गिअरचे नवे, हा प्रश्न येतो.

गिअरचा मोह समजण्यासारखा आहे. पुढे 48 दात्यांचे चक्र आणि मागे 18 दात्यांचे फ्रीव्हील असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे 6 मीटर पुढे जाते. सपाटीला हे ठीक. तुळजापूरच्या घाटात मात्र उतरून ढकलत न्यावी लागते. मागे 34 दात्यांचे चक्र आले की तेच अंतर 3 मीटरच्या आसपास येते आणि चढ बसल्या बसल्या निघतो.

खरेदीत पहिली फसगत होते ती इंचांमुळे. दांडीच्या सायकलीचे ‘28 इंची’ चाक, म्हणजे 28 × 1½, टायरची कड जिथे बसते तिथे 635 मिलिमीटर व्यासाचे असते. आजचे 700 सी हे चाकही ‘28’ म्हणून विकले जाते, पण ते 622 चे. एकाचा टायर दुसऱ्यावर नीट बसत नाही. म्हणून टायरच्या अंगावर छापलेला 40-635 असा आकडा वाचावा, दुकानदाराच्या तोंडच्या इंचांवर जाऊ नये. माउंटन सायकलचे 26 इंची चाक तर 559 चे. ते फक्त मागे घातले तर सायकल मागे झुकते आणि त्याचा जाड टायर चाक धरणाऱ्या मागच्या चिमट्यात मावत नाही. कसाबसा मावलाच, तर पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये अडकून चाक जाम होते.

दुसरे माप रुंदीचे. एकेरी फ्रीव्हीलच्या सायकलीत मागच्या चिमट्याच्या, ॲक्सल बसतो त्या दोन कानांतले अंतर साधारण 110 ते 114 मिलिमीटर असते. पुढच्या काळातल्या गिअरच्या सायकलींत ते 120, 126, 130 आणि माउंटन सायकलीत 135 होत गेले. पोलाद वाकते आणि वाकलेले तसेच राहते, म्हणून चिमटा थंडच फाकवता येतो. ॲल्युमिनियम किंवा कार्बनच्या सांगाड्यावर हा प्रयोग करू नये. दोन्ही बाजू एकदम ताणल्या तर जी नरम ती जास्त सरकते. म्हणून एकेक बाजू वेगळी, थोडी थोडी ओढायची. मग सुतळी घ्यायची. एका कानाला बांधून ती पुढे हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या कानाला आणायची आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचे अंतर पट्टीने मोजायचे. ते सारखे भरले की चिमटा मधोमध आहे. शिवाय दोन्ही कान एकमेकांना समांतर हवेत, नाहीतर ॲक्सल वाकतो आणि एक दिवस तुटतो. 126 चे 130 करणे किरकोळ काम आहे. 110 चे 135 करायचे तर प्रत्येक बाजू साडेबारा मिलिमीटर सरकवावी लागते आणि पितळेने जोडलेल्या सांध्यावर ताण येतो. तो धोका पत्करू नये.

चर्चा नेहमी रुंदीची होते, पण घोडे पेंड खाते ते ब्रेकपाशी. जुन्या सायकलीला केबल नसते. लोखंडी सळ्यांनी ओढलेले रबर रिमच्या आतल्या, हबकडच्या अंगावर दाबले जाते. नव्या रिमला त्या जागी रबर टेकेल अशी कडच नसते. बाजूने पकडणारा ब्रेक लावावा, तर त्याच्यासाठी मागच्या आडपट्टीला भोक नसते आणि 622 च्या रिमपर्यंत रबर साडेसहा मिलिमीटर अधिक खाली पोचवावे लागते. भरीला गिअरची अरुंद साखळी जुन्या जाड दात्यांवर बसत नाही, म्हणून पुढचे चक्रही बदलावे लागते. चाकासाठी निघालेला माणूस निम्मी सायकल विकत घेऊन परततो.

यातून सुटण्याची बरी वाट म्हणजे तीन गिअर आणि ड्रम ब्रेक पोटात असलेला हब. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तीन गिअरचे हब बाजारात आणले. 2000 पासून हे नाव तैवानच्या सनरेसकडे आहे. असा हब 635 च्या रिममध्येही गुंफता येतो, जुनी जाड साखळी चालते आणि ब्रेक रिमवर अवलंबून राहत नाही. मात्र ड्रमची पट्टी चिमट्याच्या खालच्या नळीला क्लॅम्पने घट्ट आवळलीच पाहिजे. ती सुटली तर ब्रेक दाबताच ॲक्सल गरकन फिरतो.

पुण्याच्या कर्वेनगरात 2017 मध्ये विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय सुरू झाले. तिथे जपलेल्या जुन्या सायकलींवर असला खटाटोप कुणी करणार नाही. दूधवाल्याला मूळ रूप जपण्याची अडचण नाही. तरी त्याच्यासाठी मागे 40 तारांचे, 635 चेच नवे चाक सर्वांत चांगले. ॲटलसने साहिबाबादचा आपला शेवटचा कारखाना 3 जून 2020 रोजी बंद केला, तरी 28 × 1½ चे टायर-ट्यूब अजून मिळतात आणि रस्त्यात पंक्चर झाले तर गावातला कोणताही मिस्त्री ते काढू शकतो.