झडप का गळते?

इंग्लंडमधल्या घरांत हिवाळ्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. तिथे खोल्या उबदार ठेवण्यासाठी घरोघरी एक लहान बॉयलर असतो. तो बहुधा गॅसवर पाणी तापवतो, पंप ते पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरवतो आणि निवलेले पाणी पुन्हा बॉयलरकडे येते. बॉयलरवर एक दाबमापक असतो. पाणी थंड असताना त्याचा काटा १ ते १.५ बारच्या दरम्यान असावा अशी अपेक्षा असते. (१ बार म्हणजे साधारणपणे वातावरणाएवढा दाब. बाहेरच्या हवेपेक्षा आतला दाब किती जास्त आहे, ते हा काटा सांगतो.) तक्रार अशी, की सकाळी काटा शून्याजवळ असतो, बॉयलर तापला की तो थेट ३ वर जातो आणि भिंतीतून बाहेर काढलेल्या एका नळीतून पाणी ठिबकत राहते. घरमालक पाणी भरून काटा १ वर आणतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग दाब कमी आहे म्हणायचे की जास्त? आणि ठिबकणारी ती नळी फुटली आहे की आपले काम करते आहे? विद्यार्थ्यांना विचारून पाहावा असा हा प्रश्न आहे. उत्तराची सुरुवात मात्र तीनशे वर्षांहून जुनी आहे.

देनी पापँ हा फ्रेंच संशोधक लंडनमध्ये रॉबर्ट बॉइलबरोबर काम करत होता. १६७९ साली त्याने रॉयल सोसायटीपुढे एक जाड भिंतींचे, घट्ट झाकणाचे भांडे मांडले. त्यात हाडेसुद्धा शिजून मऊ होत. आपल्या प्रेशर कुकरचा हा पूर्वज. १६८२ मध्ये सोसायटीच्या सभासदांना या भांड्यात शिजवलेले जेवणही वाढण्यात आले. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्या जेवणापेक्षा झाकणावरचे एक छोटे भोक. त्यावर पापँने एक झडप बसवली आणि एका तरफेला वजन टांगून ती दाबून धरली. आतला दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की वाफच वजन उचलून बाहेर पडणार. वजन तरफेवर पुढेमागे सरकवले की मर्यादा बदलता येई. भांड्याने कुठे हार मानायची ते भांडे बनवणाऱ्यानेच आधी ठरवून ठेवायचे, अशी ही कल्पना. आमच्या मते बॉयलरच्या सगळ्या इतिहासात याहून मोठा शोध नाही.

शोध लागला, पण माणसांना त्या झडपेचा राग येऊ लागला. झडप उघडली की वाफ वाया जाते, जोर कमी होतो, वर कर्कश आवाज होतो. जेम्स वॅटची इंजिने वातावरणाच्या जवळपासच्या दाबावर चालत, म्हणून तिथे फारसे बिघडले नाही. रिचर्ड ट्रेव्हिथिकने जास्त दाबाची वाफ वापरायला सुरुवात केली तेव्हा प्रकरण गंभीर झाले. सप्टेंबर १८०३ मध्ये लंडनजवळ ग्रीनिच येथे त्याचा एक बॉयलर फुटून चार माणसे दगावली. ट्रेव्हिथिकने स्वतः दिलेली हकिकत अशी : इंजिन सांभाळणारा पोरगा ईल मासे पकडायला गेला होता आणि इंजिन एका मजुराच्या हवाली करून गेला होता. इंजिन फार वेगाने चालते आहे असे वाटून मजुराने ते बंद केले. पण झडपेची तरफ एका पान्याने दाबून ठेवलेली होती आणि तो पाना त्याने काढला नाही. इंजिन थांबले, वाफेला जायला वाट उरली नाही, आणि खाली आग चालूच होती. त्यानंतर ट्रेव्हिथिकने बॉयलरला शिशाची गुडदी बसवायला सुरुवात केली. पाणी आटून पत्रा बेसुमार तापला की शिसे वितळून भोक मोकळे होई. आपल्या कुकरच्या झाकणावर शिट्टीशेजारी जी सुरक्षा झडप असते, ती या गुडदीची नात म्हणायला हरकत नाही.

१८३१ च्या जूनमध्ये अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनात 'बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्स्टन' नावाच्या रेल्वे इंजिनाचा बॉयलर फुटला. तिथल्या फायरमनला झडपेतून निघणाऱ्या वाफेच्या आवाजाचा त्रास होत होता, म्हणून त्याने झडप दाबून बंद केली असे सांगतात. आवाज थांबला. फायरमन मात्र त्या स्फोटातून वाचला नाही.

इथे वर्गात एक शंका हटकून येते. बॉयलर फुटला तर पाणी सांडेल, स्फोट कशाचा? साधा हिशेब करून पाहू. दाबाखाली १५० अंश सेल्सिअसला असलेले १०० किलो पाणी एकदम मोकळ्या हवेत आले, तर ते १०० अंशांपर्यंत उतरताना जी उष्णता सुटते तिने सुमारे ९ किलो पाण्याची वाफ होते. ही वाफ जवळजवळ १५ घनमीटर जागा व्यापते, म्हणजे तीन मीटर लांब, रुंद आणि उंच खोलीचा अर्ध्याहून अधिक भाग, आणि तोही क्षणार्धात. भांड्यातले पाणीच दारूगोळ्याचे काम करते.

कारखान्यांतल्या बॉयलरवर कायद्याची नजर हळूहळू आली. आपल्याकडे १८६३ मध्ये कलकत्त्यात मोठा स्फोट होऊन जीवितहानी झाली आणि १८६४ मध्ये बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. मुंबई इलाख्यात तो १८६९ मध्ये आला. सगळ्या प्रांतांना एक असा कायदा व्हायला १९२३ साल उजाडले, आणि त्याची जागा आता २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. ब्रिटनमध्ये १८८२ साली बॉयलरच्या स्फोटांची चौकशी सक्तीची झाली, पण केवळ घरगुती वापराचे बॉयलर त्यातून वगळले गेले. कायदा घराच्या उंबरठ्याशी थांबला.

उंबरठ्याच्या आत काय होते? त्या काळच्या इंग्रजी स्वयंपाकघरात चुलाण्याच्या पाठीमागे लोखंडी बॉयलर असे. त्यातून नळ्या वर जात आणि माळ्यावरच्या टाकीशी संबंध राही, म्हणून दाब साचत नसे. पण कडाक्याच्या थंडीत माळ्यावरच्या नळ्यांत बर्फ होई. दोन्ही वाटा बुजलेल्या, आणि पहाटे कोणीतरी नेहमीप्रमाणे चूल पेटवी! ऐन स्वयंपाकघरात बॉयलर फुटून माणसे मेल्याच्या घटना त्या हिवाळ्यांत वारंवार घडत. आपला तांब्याचा बंब या बाबतीत भाग्यवान. तो मुळातच वरून उघडा, त्यामुळे दाबाचा प्रश्नच नाही. ब्रिटिशांनीही उघड्या टाकीचा आग्रह इतका धरला की बंदिस्त गरम पाण्याच्या टाक्यांना तिथे १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत परवानगी नव्हती.

आता सुरुवातीच्या कोड्याकडे वळू. हल्लीची बहुतेक यंत्रणा बंदिस्त असते. तिच्यात समजा १०० लिटर पाणी आहे. ते १० अंशांवरून ७० अंशांपर्यंत तापले तर सुमारे २.२ लिटरने फुगते. या जादा पाण्याला जागा हवी, म्हणून प्रसरण-पात्र नावाचा एक डबा जोडलेला असतो. त्यात रबरी पडदा असतो, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला हवा. डबा ८ लिटरचा, हवेचा दाब १ बार, म्हणजे निरपेक्ष दाब २ बार असे धरू. पाणी फुगून हवेला ५.८ लिटरमध्ये कोंडते. पापँच्या त्याच बॉइलचा नियम लावला, तर दाब २ × ८ ÷ ५.८, म्हणजे २.७६ बार. यातून वातावरणाचा १ वजा केला की काटा १.७६ दाखवील. सगळे ठीक.

पण सायकलच्या ट्यूबप्रमाणे या डब्यातलीही हवा वर्षानुवर्षे झिरपत जाते. समजा आता ४ लिटरच हवा उरली आहे. तिला १.८ लिटरमध्ये कोंडायचे, तर दाब २ × ४ ÷ १.८, म्हणजे सुमारे ४.४, आणि काट्यावर ३.४. सुरक्षा झडप तर ३ वरच उघडते! जादा पाणी बाहेर जाते. यंत्रणा निवली की गेलेले पाणी आत नसते, म्हणून सकाळी काटा शून्याकडे. दोन्ही तक्रारींचा रोग एकच आहे, आणि ती नळी फुटलेली नाही, इमानाने काम करते आहे.

घरमालकाचा उपाय मात्र नवा रोग आणतो. रोज भरलेल्या ताज्या पाण्याबरोबर विरघळलेला ऑक्सिजन आत जातो आणि रेडिएटर आतून गंजू लागतो. काही काळाने खरीखुरी गळती सुरू होते. शिवाय वारंवार उघडणाऱ्या झडपेत गंजाचा कण अडकला की ती पुरती मिटतही नाही. जाणकार कारागीर म्हणून आधी डब्याची हवेची खीळ दाबून पाहतो. हवा कमी असेल, तर पाण्याचा दाब उतरवून पंपाने हवा भरतो. खिळीतून पाणीच आले, तर पडदा फाटला आहे, डबा बदलायचा. बाहेरची नळी कोरडी असूनही काटा उतरत असेल तर गळती घरात कुठेतरी, अनेकदा फरशीखाली. आणि बॉयलर बंद असताना काटा चढत असेल, तर पाणी भरण्याचा नळ नीट बंद होत नाही.

आपल्या घरांतल्या गीझरचे गणित याहून सोपे. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांवर नेले की ते सुमारे ४०० मिलिलिटरने फुगते. पाणी उलटे टाकीकडे जाऊ नये म्हणून झडप असेल, तर ते दाब-झडपेतून थेंबथेंब बाहेर पडते. न्हाणीघरात ओल येते म्हणून ते भोक लाकडी खुंटी ठोकून किंवा सील लावून बुजवणारे लोक आहेत. ग्रीनिचचा पाना तो हाच.

वर्गात हे दाखवणे अवघड नाही. २५० मिलिलिटरचा चंचुपात्रासारखा नव्हे, तर निमुळत्या गळ्याचा फ्लास्क काठोकाठ पाण्याने भरा. बुचातून ४ मिलिमीटर पोकळीची काचेची लांब नळी बसवा आणि फ्लास्क गरम पाण्यात ठेवा. २५ अंशांवरून ६५ अंशांपर्यंत जाताना नळीतले पाणी तीसेक सेंटिमीटर चढेल. नळीचे वरचे तोंड मात्र कोणीही बोटानेसुद्धा बंद करू नये.