नावापुरते उरलेले मैदान

इंदूरचे पोलोग्राउंड म्हटले की आज कारखाने आणि वीज कंपनीची कचेरी डोळ्यांपुढे येते. मैदान उरले ते केवळ नावात. अशा शहरात संध्याकाळी मोहल्ल्यातील बागेच्या बाकावर घटकाभर विसावणाऱ्यास मोकळ्या जागेचे मोल निराळे सांगावे लागत नाही. या नगरीला ते शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका पाहुण्याने समजावून दिले होते.

प्लेगने गांजलेल्या इंदुरात तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या दरबाराने नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना पाचारण केले. १९१७ च्या दिवाळीत त्यांनी मिरवणूक योजिली. ज्या रस्त्यांवरील घरे अधिक स्वच्छ, त्यांवरून ती जाणार, असे जाहीर होताच घरोघर केरसुण्या फिरू लागल्या. शेवटी घाणीच्या राक्षसाचे व प्लेगच्या उंदराचे दहन झाले. १९१८ च्या अहवालात गेडिस यांचे सांगणे असे : वस्ती सरसकट पाडू नये, पडकी घरे तेवढी काढून तेथे लहानसा चौक मोकळा करावा, झाडे लावावीत.

दरबार गेले, अहवाल कपाटात राहिले. दारापुढची बाग मात्र आपल्या स्वाधीन आहे. शेजाऱ्यांनी ती जपली नाही, तर पोलोग्राउंडप्रमाणे तीही नावापुरतीच उरेल.