कालव्याकाठचा कारखानदार आणि माळावरचा आमदार

मंडळी, मागच्या भागात आपण नीरा डाव्या कालव्यापर्यंत आलो होतो. १८८५ साली हा कालवा वाहता झाला आणि बारामती-इंदापूरचे दोन भाग पडले. एक बागायती, दुसरा जिरायती. आज ज्यांच्याबद्दल बोलायचं आहे, त्या रोहित पवारांची कहाणी या दोन्ही भागांतून जाते.

आधी कारखान्यांचं बघू. इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंदांनी वालचंदनगर उभं केलं ते खासगी भांडवलावर. पुढे १९५०च्या आसपास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकाराची वाट दाखवली. मग आपल्याकडे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती असे सहकारी कारखाने उभे राहिले. यात शेतकरी हा सभासद. वार्षिक सभेत तो चेअरमनला उभा करून विचारू शकायचा, की बाबा, भाव का कमी दिला? चेअरमन पुढे आमदार व्हायचा, तो याच सभासदांच्या जोरावर.

१९९८ साली साखर उद्योगाची परवानापद्धत गेली आणि खासगी कारखान्यांना वाट मोकळी झाली. रोहित पवार हे या काळाचे कारखानदार. जन्म १९८५चा, बारामतीचा. आजोबा अप्पासाहेब पवार, म्हणजे शरद पवारांचे थोरले बंधू. जिरायती गावांत पाझर तलावांचं काम आणि शारदानगरचा कृषी विकास ट्रस्ट ही अप्पासाहेबांची ओळख. मुंबई विद्यापीठातून व्यवस्थापनाची पदवी घेऊन नातू घरच्या ‘बारामती ॲग्रो’त आला. कंपनीचा पाया पशुखाद्य आणि कुक्कुटपालनाचा. साखर कारखाना इंदापूर तालुक्यात, शेटफळगढे इथे. पुढे ते देशातल्या साखर कारखान्यांच्या संघटनेचे, ‘इस्मा’चे अध्यक्षही झाले.

राजकारणाची सुरुवात २०१७ साली, शिर्सुफळ-गुणवडी गटातून जिल्हा परिषदेत. २०१९ला मात्र ते विधानसभेला उभे राहिले कर्जत-जामखेडमधून. समोर राम शिंदे, त्या वेळचे मंत्री. ४३,३४७ मतांनी रोहित पवार निवडून आले.

आता इथे जरा थांबू. जुन्या सहकारी पुढाऱ्याचा ऊस आणि मत एकाच शिवारातून यायचं. इथे शेटफळगढ्याला ऊस घालणारा इंदापूरचा शेतकरी या आमदाराला मत देऊ शकत नाही. कंपनीत तो सभासदही नाही, नुसता पुरवठादार. एफआरपीचा कायदा त्याच्या बाजूने आहे, पण वार्षिक सभेतला माईक त्याच्या हातात नाही. पुढे जामखेड तालुक्यातला हळगावचा कारखाना कंपनीकडे आला, तेव्हा कुठे ऊस आणि मत पुन्हा एका तालुक्यात भेटले.

धंदा आणि राजकारण एकाच घरात असलं की दोन्हीकडची झळ लागते. कन्नडचा सहकारी साखर कारखाना लिलावात ‘बारामती ॲग्रो’ने घेतला होता. त्या व्यवहारावरून जानेवारी २०२४ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने रोहित पवारांची चौकशी केली आणि मार्चमध्ये त्या कारखान्याच्या मालमत्तेवर टाच आणली. पवारांनी आरोप फेटाळले. ही राजकीय सूडाची कारवाई आहे, असं त्यांचं म्हणणं. तोवर पक्ष फुटला होता. काका अजितदादा एकीकडे, हे शरद पवारांबरोबर.

नोव्हेंबर २०२४ला पुन्हा तेच दोघे समोरासमोर. या वेळी रोहित पवार जिंकले, पण फक्त १,२४३ मतांनी.

आम्हाला यात हिशेब दिसतो. सहकारी कारखान्यात जो जाब दरवर्षी द्यावा लागायचा, तो आता पाच वर्षांनी एकदाच द्यावा लागतो, आणि तोही फक्त मतदारसंघातल्या माणसांना. कर्जत-जामखेडच्या माणसाने तो विचारला. शेटफळगढ्याच्या काट्यावर गाडी घेऊन उभा असलेला शेतकरी तो कुठे विचारणार? बारामती-इंदापूरचा इतिहास वाचताना हा प्रश्न सोबत ठेवू. पुढच्या भागात छत्रपती कारखान्याकडे वळू.